विसाव्या तारखेला हजर

गुणाजीशेठच्या छातीत दुखायला लागलं की मला कळायचं, उद्या कोर्टाची तारीख आहे.

मी मालन. डोंबिवली पूर्वेला एका नर्सिंग होममध्ये चौदा वर्षं आया होते. पेशंटला भांडं द्यायचं, चादरी बदलायच्या, मेलेल्याच्या नाकात कापूस घालायचा, सगळं केलंय. वरच्या मजल्यावर एक एसी रूम होती. तिच्यात शेठशिवाय दुसरं कोणी झोपलेलं मी बघितलं नाही. तारखेच्या आदल्या संध्याकाळी शेठ आपल्या पायांनी जिना चढून यायचे, लुंगी नेसायचे, छातीला वायरी लावून घ्यायचे आणि मटण मागवायचे. हाडं मी उचलायची. दुसऱ्या दिवशी त्यांचा वकील डॉक्टरची चिठ्ठी घेऊन ठाण्याच्या कोर्टात उभा राहायचा आणि तारीख पुढे जायची.

केस काय, तर शेठ महापालिकेत सभापती असताना स्मशानाच्या शेडचं काम त्यांनी आपल्याच माणसाला दिलं. बिलं निघाली, शेड काही उभी राहिली नाही. लोक पावसात मढ्यावर ताडपत्री धरून उभे राहायचे. शेवटी लाचलुचपतवाल्यांनी पकडलं. वकील सांगायचा, आरोपी समोर हजर झाल्याशिवाय आरोप वाचता येत नाहीत, आणि आरोप वाचल्याशिवाय केस पुढे सरकत नाही. म्हणून सगळ्यांचं मिळून एकच काम होतं, शेठला कोर्टात उभं राहू द्यायचं नाही. छाती, बीपी, शुगर, डेंग्यू, चक्कर, असं करत सतरा तारखा काढल्या.

त्या ‘सगळ्यांत’ माझा नवरा पहिला. सुदेश. नावानेच हाक मारते मी त्याला, सासूच्या नाकावर टिच्चून मारायचे. बावीस वर्षं तो शेठची गाडी चालवत होता. आमची संचिता दोन वर्षांची असताना डेंग्यूने सिरियस झालेली, तेव्हा शेठने स्वतः झोपून एक बाटली रक्त दिलेलं. खरंच दिलेलं, मी नाही म्हणत नाही. पण त्या एका बाटलीवर सुदेशने बावीस वर्षं काढली. संचिताचं लग्न होऊन ती नाशिकला गेली तरी ह्याचं आपलं चालूच, शेठ म्हणजे देव. शेठने चप्पल काढली की हा उचलायला पुढे. मला असला राग यायचा ना! भांडायचे मी, ताट आपटायचे. हा हसायचा फक्त.

मग ठाण्याला नवीन जजसाहेब आले. सतराव्या तारखेहून वकील परत आला तो घामाघूम. मी रूममधली चादर बदलत होते, माझ्यासमोरच बोलला. “शेठ, आता छाती-बिती चालणार नाही. पुढच्या तारखेला आला नाहीत तर वॉरंट. साहेब बोलले, डोळ्यांना दिसेल असा आजार असेल तरच सूट देईन. काय करायचं ते करा, पण मला सांगू नका.”

शेठने माझ्याकडे बघितलं आणि बोलले, “मालन, जा तू.”

तारखेला आठ दिवस राहिलेले. दुपारी अडीचच्या सुमाराला मी मागच्या बाजूला कपडे भिजवत होते आणि एक्स-रेच्या बाजूच्या खोलीतून ओरडल्याचा आवाज आला. ओरडणं मला नवीन नाही. बाळंतिणीचं वेगळं, म्हाताऱ्याचं वेगळं. हे ओळखीचं होतं. माझे हात तसेच साबणाचे, मी धावले.

त्या खोलीत ऑक्सिजनचे सिलिंडर ठेवतात. सुदेश भिंतीला टेकून खाली बसलेला, तोंडात टॉवेल कोंबलेला. पँट गुडघ्यापर्यंत वर, डावा पाय दोन विटांवर आडवा. एका पोराने त्याचे खांदे दाबून धरलेले. शेठचा पुतण्या नील लहान सिलिंडर दोन्ही हातांनी उचलून उभा. नडगीवरची कातडी फाटून रक्त येत होतं, म्हणजे एकदा मारून झालेलं आणि हाड मोडलं नव्हतं. आणि बरोबर समोर, प्लास्टिकच्या खुर्चीत, गुडघ्यावर हात ठेवून शेठ बसलेले. लग्नात जेवणाची वाट बघत बसतात तसे.

“अरे मेल्यांनो!” मी नीलच्या अंगावर गेले. त्याने कोपर मारलं, माझं डोकं दाराच्या कडीवर आपटलं. डोळ्यांपुढे अंधारी आली. तेवढ्यात त्याने सिलिंडर सोडला.

तो आवाज मी सांगणार नाही. हाड कातडीतून बाहेर आलं. सुदेशने लघवी केली, टॉवेलमधून घुं घुं असा आवाज काढला आणि मान टाकली. डॉक्टर पॅसेजमध्ये भिंतीकडे तोंड करून उभा होता. वीस वर्षं शिकलेला माणूस, भिंत बघत उभा!

“मालन, आरडू नको,” शेठ बोलले. “त्याला विचार, कोणी जबरदस्ती केली का.”

सुदेशने डोळे उघडले. तोंडात टॉवेल तसाच. माझ्याकडे बघून त्याने मान हलवली, नाही म्हणून. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. शेठचा नाही, त्या क्षणी मला ह्याचाच गळा दाबावासा वाटला.

मग कळलं सगळं. एक्स-रेच्या फिल्मवर नाव, तारीख, वेळ छापून येते. शेठला शेठच्या नावाचा ताजा मोडलेला पाय हवा होता. बाहेरचा पेशंट आणला तर तो उद्या तोंड उघडेल, ब्लॅकमेल करेल. घरचा माणूस हवा, म्हणून सुदेशला विचारलं आणि ह्याने पाय पुढे केला. वर मला बोलतो, “हाडच आहे गं, जुळतं.”

टेबलावर त्याचा पाय मीच धरला. दुसरं कोणी धरलं असतं तर आणखी हलवला असता. मशीनवर नाव टाकलं गुणाजी, वय एकसष्ट. खटकन फोटो निघाला. माझ्या नवऱ्याचं हाड शेठच्या नावावर गेलं. डाव्या पायाचं. मी स्वतः धरलेला, म्हणून सांगून ठेवते.

मला वाटलं, आता तरी ह्याला वर नेतील, ऑपरेशन करतील. नील बोलला, “मावशी, घरी न्या. तारीख होईपर्यंत कुठल्या हॉस्पिटलात जायचं नाही. दोन माणसांचं सेम हाड मोडलं, असं कुठे लिहिलेलं नको.”

“आठ दिवस? हाड बाहेर आलंय, नील! सडेल ते!”

“पट्टी बांधून देतात ना. आणि जास्त बोललात तर दुसरा पाय पण आहे.”

ठाकुर्लीला आमची खोली तळमजल्यावर. दोन फळ्या लावून बांधलेला पाय घेऊन सुदेशला चौघांनी आणून टाकला. बाहेर एक पोरगा बसवला, त्याच्या मांडीवर पेपरात गुंडाळलेला कोयता. शेजारणी दार लावून बसल्या. कोण मध्ये पडणार? मीही पडले नसते दुसऱ्याच्या घरात.

नर्सिंग होममधून मी इंजेक्शनं चोरली. अँटिबायोटिक, दुखण्याचं, सलाईनच्या बाटल्या, जे हाताला लागेल ते. ब्लाउजमध्ये घालून आणायचे. दिवसातून तीनदा जखम धुवायचे. तिसऱ्या दिवशी वास सुरू झाला. तो वास मला माहीत होता, पण मी स्वतःशीच खोटं बोलले की औषधाचा असेल. चौथ्या दिवशी अंगठा निळा पडला. पाचव्या दिवशी पाचही बोटं काळी. ताप एवढा की सुदेश बडबडायला लागला. गाडी काढ, शेठना उशीर होतोय, असं.

“सुदेश, अरे तुझा पाय चाललाय! उठ, जाऊ या!”

“तारीख होऊ दे गं,” बोलला. “तीनच दिवस राहिले.”

मी फोन केला शेठना. त्यांनी उचलला, ऐकून घेतलं, आणि बोलले, “मालन, तुझ्यावर माझा विश्वास आहे.” फोन कट.

सहाव्या दिवशी सकाळी रिक्षा आणली. त्या पोराला बोलले, बाबा, बाजूला हो, माणूस मरतोय. त्याने रिक्षावाल्याला कॉलर धरून बाहेर ओढलं आणि कोयत्याच्या उलट्या बाजूने तोंडावर मारलं. रिक्षावाल्याचे दोन दात रस्त्यावर पडले. पोराने माझे केस धरले. मी पण खाणीत वाढलेली बाई आहे. त्याचं मनगट मी दातात धरलं आणि सोडलं नाही. रक्त तोंडात आलं, गरम, खारट, तरी सोडलं नाही. कोयता पडला तो मी उचलला आणि बोलले, “आता ये पुढे, तुझ्या आईची शपथ, मुंडकं उडवते.” तो पळाला. रिक्षावाला तोंडाला रुमाल लावून उठला, सुदेशला आत घेतला आणि ठाण्यापर्यंत एका हाताने रिक्षा चालवली. त्याने पैसे घेतले नाहीत. त्याचं नावही विचारायचं राहिलं माझं.

सरकारी हॉस्पिटलातल्या तरुण डॉक्टरणीने पट्टी सोडली आणि माझ्यावर ओरडली, “आई, इतके दिवस काय करत होता?” पाय गुडघ्याच्या वरून कापावा लागला. कापलेला पाय त्यांनी पिवळ्या पिशवीत घातला आणि माझी सही घेतली. कचऱ्याबरोबर जाळतात तो. पायाला वेगळं स्मशान नसतं.

सुदेश शुद्धीवर आला, चादर सपाट बघितली, आणि पहिलं काय विचारलं असेल? “तारखेचं काय झालं?”

तारखेला सगळं व्यवस्थित झालेलं. फिल्म बघून जजसाहेबांनी सहा आठवड्यांची सूट दिली. ही अठरावी तारीख. शेठने सुदेशसाठी फळांची करंडी पाठवली. मी ती वॉर्डात वाटून टाकली. डॉक्टरांनी पाय कसा मोडला विचारलं, तर सुदेशने लिहून दिलं, जिन्यावरून पडलो. मी तिथेच भिंतीवर डोकं आपटून घेतलं. पाय गेला त्याचं दुःख होतंच, पण पाय खाणाऱ्याला हा अजून देव म्हणतोय, ते मला सहन होईना. नर्सिंग होमला जाणं मी सोडलं.

मग शेठचा वाढदिवस आला. आता घरात बसावं की नाही, पाय मोडलाय ना? पण आमच्याकडचे कार्यकर्ते तुम्हाला माहीत आहेत. वाढदिवस म्हणजे डीजे, फटाके, चौकात फ्लेक्स आणि गाडीच्या बोनेटवर केक, तोसुद्धा तलवारीने कापायचा. शेठने नाही म्हटलं असतं तर पुढच्या निवडणुकीला पोरं दुसरीकडे गेली असती. उभे राहिले दोन पायांवर, तलवार घेऊन, थोडं नाचलेही. आणि दीडशहाण्या नीलने त्याचं रील बनवलं. खाली गाणं, वर लिहिलेलं, ‘वाघ आजारी पडत नाही’. दोन दिवसांत लाखभर लोकांनी बघितलं.

एकोणिसाव्या तारखेला सरकारी वकिलाने मोबाईल जजसाहेबांच्या पुढे धरला. मोडक्या पायावर नाचणारा वाघ. साहेब चिडले. ऑर्डर झाली, तीन दिवसांत ठाण्याच्या सरकारी हॉस्पिटलात डॉक्टरांच्या बोर्डापुढे पाय तपासायचा. पाय मोडलेला नसेल तर जामीन रद्द, शिवाय खोटे कागद दिल्याची वेगळी केस.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेठचा फोन आला. मला.

“मालन, ठाण्याला वर्तकनगरला ये. मेव्हण्याच्या फ्लॅटवर आहे. तुझ्याशिवाय कोणावर भरवसा नाही.”

मी गेले. सुदेशला सांगितलं नाही. फ्लॅटमध्ये शेठ आणि नवीन ड्रायव्हर महेंद्र, दोघंच. शेठचं तोंड उतरलेलं, दाढी वाढलेली. डॉक्टर फोन बंद करून गायब झालेला. नीलला सांगितलं तर त्याने उलटी केली आणि गावाला पळाला. दुसऱ्याचं हाड मोडताना आली नव्हती उलटी! बाहेरचा गुंड आणला तर तो जन्मभर मानगुटीवर बसेल.

शेठने सगळं ठरवलेलं. बोर्डाला सांगायचं, हाड जुळत आलेलं, कार्यकर्त्यांच्या प्रेमापोटी वाढदिवसाला उभा राहिलो, मग काल बाथरूममध्ये घसरलो आणि त्याच जागी परत मोडलं. म्हणजे रीलही खरं, फिल्मही खरी. फक्त त्याच पायाचं तेच हाड आता खरोखर मोडायला हवं.

“तुला हाडं कळतात,” शेठ बोलले. “सुदेशचा पाय तूच धरलेला.”

“मी मोडते,” मी बोलले.

दोघं बघतच राहिले. मी सांगितलं त्यांना. माझे आईबाप दुष्काळात देशावरून आलेले, कल्याणच्या पुढे दगडाच्या खाणीत राबले. दहा वर्षांची असल्यापासून मी घण मारलाय. दगडाची शीर बघायची, घण पूर्ण उचलायचा आणि जोर न लावता त्याला पडू द्यायचा. बापाचा घण अजून आमच्या कॉटखाली आहे. “उद्या घेऊन येते. एका घावात काम होईल,” मी बोलले.

शेठच्या डोळ्यांत पाणी आलं. “सुदेशने बायको बरोबर निवडली,” बोलले.

दुसऱ्या दिवशी कापडी पिशवीत घण घालून मी निघाले. स्टेशनवर पिशव्या तपासतात म्हणून कल्याणहून एसटी पकडली. कंडक्टर पिशवी सरकवायला गेला आणि बोलला, “मावशी, सोनं आहे काय?” “नाही दादा, सासरचं भांडं,” मी बोलले. खोपटला उतरून रिक्षा केली. रस्ताभर मी हात चोळत होते.

शेठने अर्धी बाटली संपवलेली. मी दुखण्याचं इंजेक्शन दिलं. बधीर करायचं नव्हतं माझ्याकडे, असतं तरी आणलं नसतं. हॉलमधल्या टीपॉयवर दोन पाट उभे केले. महेंद्रला सांगितलं, मागून काखेत हात घालून धर आणि डोळे मीट. तोंडात टॉवेल द्यायला गेले, तर शेठ बोलले नको. मग स्वतःच घेतला.

“शेठ, कुठला पाय?” मी विचारलं.

त्यांनी टॉवेल काढला. “तुला माहीत नाही?”

“माझं डोकं फुटलेलं त्या दिवशी, तुमच्यासमोरच. तुम्ही नीट बघत बसलेलात. आठवून सांगा. वकिलाला फोन लावून विचारा वाटल्यास.”

“वकील उचलणार नाही. त्याला काही कळायला नकोय.” शेठने मोबाईलवर फिल्मचा फोटो उघडला. काळ्यावर पांढरी हाडं, दुसरं काय दिसणार? कोपऱ्यात डाव्या-उजव्याची एक बारीक खूण असते, ती वाचायची सवय लागते. त्यांनी डोळे मिटले. उजवा हात समोर धरला, सुदेश अजून तिथे भिंतीला टेकून बसलाय तसा. “मी इथे बसलेलो. तो असा समोर. हा पाय. ह्या बाजूचा.” आणि त्यांनी स्वतःच्या उजव्या गुडघ्यावर थाप मारली.

समोर बसलेल्या माणसाचा डावा पाय आपल्या उजव्या हाताला येतो. एवढी साधी गोष्ट. पण त्या दिवशी शेठने माणूस बघितलाच नव्हता. त्यांनी फक्त पाय बघितलेला.

“नक्की, शेठ?” मी दुसऱ्यांदा विचारलं. खरंच विचारलं. त्यांनी एवढं जरी म्हटलं असतं की सुदेशला विचार, तो सांगेल, तर मी घण खाली ठेवला असता की काय, देव जाणे. पण बावीस वर्षांत त्यांनी सुदेशला कधी काही विचारलंच नव्हतं.

“नक्की. मार लवकर.”

गुडघ्याखाली चार बोटं मोजली. उजव्या नडगीवर काजळाने खूण केली. पदर खोचला, पाय फाकवून उभी राहिले, घण डोक्यावर नेला आणि बापाने शिकवलेलं तसा सोडला. हाड एका घावात गेलं. पाय दोन पाटांच्या मध्ये नको तिथे वाकला. शेठच्या तोंडातून टॉवेल उडाला आणि ते असे ओरडले की वरच्या मजल्यावरच्या कुत्र्याने भुंकायला सुरुवात केली. महेंद्र रडायला लागला.

तेवढ्यावर काम झालेलं. तरी मी घण परत उचलला.

“बास! झालं, झालं ना!” शेठ किंचाळले.

“सुदेशला दोन घाव लागलेले,” मी बोलले आणि परत मारला. ह्या वेळी हाड बाहेर आलं. पाट फुटला. माझ्या साडीवर, हातांवर, सोफ्यावर रक्तच रक्त. मला बरं वाटलं. लाज वाटायला हवी होती, पण बरं वाटलं, ते का लपवू? मी बाथरूममध्ये जाऊन घण धुतला, हात धुतले आणि ॲम्ब्युलन्स बोलावली.

बोर्डाच्या तीन डॉक्टरांनी दोन्ही पायांचे फोटो काढले. मग कोर्टातली फिल्म मागवून शेजारी ठेवली. दीड-दोन महिन्यांपूर्वी डावा पाय मोडला म्हणून कागद, आणि डावा पाय एकदम धडधाकट, आयुष्यात कधी तडा गेलेला नाही. मोडलाय उजवा, तोही ताजा, आणि बाथरूममध्ये पडून असा मोडत नाही. मग फिल्ममधला डावा पाय कोणाचा?

जजसाहेबांनी जामीन रद्द केला. वकिलाने शेवटचा हात मारून बघितला, आरोपीला हलवता येत नाही, तारीख द्या. साहेब बोलले, हलवू नका. आता आरोपी व्हिडिओवर हजर झाला तरी चालतं, कोर्टच त्याच्या खाटेजवळ येईल. म्हणजे पाय मोडून घेतला त्याचा काही उपयोगच नव्हता. माझ्या नवऱ्याचा गेला तोही फुकट.

विसावी तारीख मंगळवारी होती. मंगळवारीच सुदेशचं ड्रेसिंग असतं, त्याच हॉस्पिटलात, त्याच हाडांच्या वॉर्डात. मी त्याला चाकाच्या खुर्चीत बसवून नेला. कोपऱ्यातल्या खाटेवर शेठ, उजवा पाय वर टांगलेला, दाराशी पोलीस. कोर्टाचा माणूस स्टुलावर लॅपटॉप लावत होता. सुदेश बोलला, “मला जवळ ने. शेठना भेटू दे.” मी खुर्ची तिथपर्यंत नेली. पोलीस बोलला, इथेच थांबा, पुढे नाही.

शेठनी मला बघितलं. त्यांना बोर्डाने सांगितलेलंच होतं, डावा की उजवा. माझ्याकडे असे बघत होते की डोळ्यांनी गळा आवळतील. पण बोलणार काय? हिने माझा चुकीचा पाय मोडला, असं? म्हणजे बरोबरचा मोडायला बोलावलेली, ते आधी सांगावं लागेल. मी पण नजर खाली घातली नाही.

सुदेश मात्र त्या टांगलेल्या पायाकडे बघत होता.

“मालन,” तो हळू बोलला. “शेठचा उजवा कसा? माझा तर डावा होता.”

“समोर बसून बघितलेला ना त्यांनी. समोरून उलटं दिसतं.”

“पण मला विचारायचं. मी सांगितलं असतं.”

“तेच तर, सुदेश. तुला विचारायचं त्यांना सुचलंच नाही.”

त्याने माझ्या हातांकडे बघितलं. घणाचे फोड अजून वाळले नव्हते. त्याला कळलं. त्याने मान खाली घातली आणि कापलेल्या मांडीवरची पट्टी दोन्ही हातांनी धरून रडायला लागला. पाय कापला तेव्हाही रडला नव्हता.

लॅपटॉपमधून आवाज आला. शेठचं पूर्ण नाव, बापाच्या नावासकट. “आरोपी हजर आहे का?”

सतरा वेळा मी ह्या प्रश्नाच्या आड चादरी बदललेल्या. शेठनी ओठ ओले केले.

“हजर,” बोलले.

“मी पण हजर आहे, साहेब!” सुदेश ओरडला. “तुमच्याकडे फिल्ममध्ये जो डावा पाय आहे ना, तो माझा. सहाव्या दिवशी कापला. आता माझा पाय तुमच्या फाइलीतच आहे.”

“सुदेश!” शेठ बोलले. ड्रायव्हरला बोलावतात तसे. सुदेशने तिकडे बघितलं नाही.

“कोण बोलतंय? कॅमेऱ्यासमोर आणा त्यांना,” जजसाहेब बोलले.

त्याला पुढे नेला की सिलिंडर सांगावा लागणार, मग घणही सांगावा लागणार. माझ्या हातांचंही विचारतील सगळे. पोलीस बाजूला सरकला. मी खुर्ची पुढे ढकलली.